अ‍ॅक्सेसची फाइल सारखी बिघडते: सर्व्हरवर जाण्याआधी काय बघावं, आणि गेल्यावर काय

जून लागला, पहिला जोराचा पाऊस झाला की माझा फोन वाजायला लागतो. डिचोली, साखळी, फोंडा, म्हापसा, गोव्यातलं गाव कुठलंही असो, वाक्य एकच: "डेटाबेस परत गेला." हा डेटाबेस म्हणजे बहुतेक ठिकाणी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसची एक फाइल. दहा-पंधरा वर्षांपूर्वी कोणा हुशार भाच्याने करून दिलेली, एका कॉम्प्युटरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये पडलेली आणि चार काउंटरवरून एकाच वेळी उघडलेली. बिलं, स्टॉक, उधारी, सगळं तिच्याच पोटात.

लक्षणं साधारण अशी:

- उघडताना 'अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट' किंवा 'इनकन्सिस्टंट स्टेट' असं काहीतरी येतं.
- फाइल दुसरं कोणी वापरतंय म्हणते, आणि दुकानात तुम्ही एकटेच असता.
- सकाळी नऊला बिल झटकन निघतं. अकरा वाजता चारही काउंटर चालू झाले की त्याच बिलाला मिनिटभर लागतं.
- एखाद्या नोंदीच्या सगळ्या रकान्यांत '#डिलीटेड' दिसतं, नाहीतर शेरा लिहायच्या जागी चिनी लिपीसारखी अक्षरं उमटतात.
- फाइल फुगत जाते. मार्चमध्ये ३०० एमबी होती, चवथीपर्यंत दीड जीबी.
- एके दिवशी काहीच सेव्ह होत नाही, नुसतं 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' येतं. अ‍ॅक्सेसच्या फाइलची मर्यादा २ जीबी आहे. ती भरली की हा असला कोड्यात टाकणारा निरोप मिळतो.

यावर येणारा-जाणारा प्रत्येक जण एकच औषध सांगतो: "सर्व्हरवर टाका." कधीकधी टाकावंच लागतं, आणि त्याबद्दल पुढे बरंच लिहिलंय. पण मी ज्या ज्या ठिकाणी गेलो त्यातल्या बहुतेकांना सर्व्हरची गरज नव्हती, निदान त्या दिवशी तरी नव्हती.

फरक कुठे आहे

जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढायला तुम्ही कधीतरी मामलेदार कचेरीत गेला असाल. खिडकीवर सर्व्हे नंबर सांगायचा, आतला माणूस नोंद शोधतो, तुमच्या हातात एक कागद येतो. रजिस्टर आतच राहतं. सर्व्हरवरचा डेटाबेस असा चालतो. तुमचा कॉम्प्युटर फक्त विचारतो, शोधणं आणि लिहिणं सर्व्हरवरचा प्रोग्राम करतो.

अ‍ॅक्सेसच्या शेअर केलेल्या फाइलला खिडकीच नसते. चारही काउंटरवाले आत घुसतात, रजिस्टरची पानं तारेवरून आपापल्या टेबलावर ओढतात, तिथे खाडाखोड करतात आणि परत नेऊन ठेवतात. शिस्त एकाच कागदावर चालते, तो म्हणजे शेजारी तयार होणारी लॉक फाइल. पान परत जात असताना तार सुटली, लाइट गेली किंवा लॅपटॉप झोपला, तर अर्धं पान जुनं, अर्धं नवं. फाइल 'करप्ट झाली' म्हणतात ती बहुतेक वेळा अशी. म्हणून खालच्या बऱ्याचशा तपासण्या डेटाबेसच्या नाहीतच, तारेच्या आणि विजेच्या आहेत.

कुठेही हात लावण्याआधी

सगळ्यांना बाहेर काढा, फाइलची प्रत घ्या. एक पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या कॉम्प्युटरवर, नावात तारीख आणि वेळ घालून. अ‍ॅक्सेसचं 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' वाचता न आलेल्या नोंदी सोडून पुढे जाऊ शकतं. त्याची तक्रार ते एमसिस-कॉम्पॅक्ट-एरर नावाच्या टेबलात लिहून ठेवतं खरं, पण ते टेबल उघडून बघणारा मालक मला अजून भेटायचा आहे. प्रत असली की चूक दुरुस्त करता येते.

लॉक फाइल

फुकटची तपासणी, दोन मिनिटांची. डेटाबेसच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी 'एलएसीसीडीबी' असलेली फाइल दिसेल. जुन्या एमडीबी फाइलला 'एलडीबी'. ती नोटपॅडमध्ये उघडा. आत कॉम्प्युटरची नावं दिसतात. बाहेर पडलेल्याचं नावही कधीकधी तिथे राहतं, म्हणून नुसत्या नावावरून कोणाला बोल लावू नका. सगळे बाहेर पडल्यावर ही फाइल आपोआप नाहीशी व्हायला हवी. नाही झाली तर ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर शेअर केलंय तिथे 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट'मध्ये 'ओपन फाइल्स' बघा. कोणाकडे उघडी राहिलीय ते तिथे खरं कळतं.

दुसरी गोष्ट परवानगीची. प्रत्येक वापरणाऱ्याला त्या फोल्डरमध्ये फाइल तयार करण्याची आणि पुसण्याची मुभा हवी. नुसती वाचण्या-लिहिण्याची पुरत नाही, कारण लॉक फाइल तयारच झाली नाही तर पहिला आत गेलेला दुसऱ्याला दाराबाहेर ठेवतो. नवा मुलगा कामावर लागला आणि त्याच आठवड्यात 'लॉक' सुरू झालं असेल, तर आधी हेच बघा.

तार, वायफाय आणि स्विचचा प्लग

फोंड्याला एक हार्डवेअरचं दुकान आहे. सिमेंट, पाइप, रंग. मालकांना सगळे पात्रांव म्हणतात, मीही म्हणतो. त्यांची फाइल एका पावसाळ्यात तीनदा गेली. दोनदा मी रिपेअर केली, पैसे घेतले, निघालो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ते काही बोलले नाहीत, चहा मागवला आणि म्हणाले, "कितें रे, परत तेंच?"

चहा पिताना लाइट गेली नि आली. अर्धा सेकंद. ट्यूब फडफडली, कॉम्प्युटर यूपीएसवर होते म्हणून हलले नाहीत. पण काउंटरच्या खाली, जिथे मी वाकून कधी बघितलंच नव्हतं, तिथे नेटवर्कच्या स्विचचे, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या तारा जोडणाऱ्या पेटीचे, हिरवे दिवे एकदम विझले आणि मग एकेक करून परत लागले. स्विचचा प्लग साध्या बोर्डात होता, डास पळवायच्या मशीनच्या शेजारी. कॉम्प्युटरला वीज होती, फाइलला वीज होती, मधला रस्ता तेवढा प्रत्येक झटक्याला तुटत होता. तीन महिने मी फाइलला औषध देत होतो, आणि दुखणं होतं प्लगमध्ये. एक एक्स्टेंशन लावून स्विच यूपीएसवर घेतला. त्या पावसाळ्यात मग फोन आला नाही. मागची दोन बिलं मी परत करायला हवी होती. नाही केली.

तेव्हा स्विच यूपीएसवर आहे का, हे प्लग हातात धरून बघा. "हो, आहे" हे उत्तर धरू नका.

मग वायफाय. ही फाइल वायफायवरून लिहू नये, बास. आपल्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंती, मध्ये लोखंडी कपाट, पलीकडे गोदामातला लॅपटॉप. सिग्नलच्या दोन काड्या दिसतात, व्हिडिओही चालतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. व्हिडिओ मध्येच अडकला तर पुढे चालू होतो. अ‍ॅक्सेसचं लिहिणं मध्ये तुटलं की तुटलं. तार ओढायला खर्च येतो, पण सर्व्हरच्या खर्चापुढे तो किरकोळ.

किनाऱ्याजवळ असाल तर तारेच्या टोकाचं प्लास्टिकचं कनेक्टर काढून पिना बघा. खाऱ्या हवेने त्या हिरवट-काळ्या पडतात. टोक कापून नवं बसवायला दहा मिनिटं लागतात.

शेवटी झोप. लॅपटॉपचा स्लीप बंद करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मधली, वीज वाचवायला कार्ड बंद करू देणारी खूण काढा. जेवायला गेलेल्या माणसाचा उघडा फॉर्म हा मोठा गुन्हेगार असतो.

फोल्डर कुठे आहे

फाइल गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमध्ये असेल तर आजच बाहेर काढा. "बॅकअप आपोआप होतो" म्हणून ठेवलेली असते. ही सोय फाइलच्या प्रती वर-खाली करते. दोघांनी दोन ठिकाणी उघडली की दोन वेगळ्या प्रती तयार होतात आणि त्या कोणी जुळवत नाही. फाइल आता जिथे ठेवाल, त्या फोल्डरपुरता अँटिव्हायरसला अपवाद द्या. एवढं पुरे.

कॉम्पॅक्ट, आणि मग फाइल दोन भागांत

प्रत घेतली असेल तर आता कॉम्पॅक्ट करा. पुसलेल्या नोंदींची जागा अ‍ॅक्सेस आपणहून परत देत नाही, म्हणून फाइल फुगते. दीड जीबीची ३०० एमबी झाली तर प्रकृती ठीक आहे, महिन्यातून एकदा करत जा. कॉम्पॅक्ट करूनही दीड जीबीच राहिली तर आत खरंच तेवढा माल आहे. तो माल काय आहे ते बघा. बरेचदा मालाचे फोटो टेबलातच कोंबलेले असतात. फोटो फोल्डरमध्ये ठेवायचे, टेबलात फक्त त्यांचा पत्ता.

यानंतरचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि नेमकं तेच सोडून लोक थेट सर्व्हरकडे पळतात. फॉर्म, रिपोर्ट आणि टेबलं एकाच फाइलमध्ये असतील तर ती दोन करा. टेबलांची फाइल शेअर केलेल्या फोल्डरमध्ये, फॉर्म-रिपोर्टची फाइल प्रत्येक कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कवर. अ‍ॅक्सेसमध्ये 'डेटाबेस टूल्स'खाली याचं बटणच आहे. एकच फॉर्मची फाइल चौघांनी तारेवरून उघडली की प्रत्येक बटण, प्रत्येक रिपोर्टही तारेवरून ये-जा करतो, आणि कोणाच्याही मशीनचा झटका सगळ्यांना बसतो. वेगळी केली की बिघडली तर एकाचीच बिघडते, आणि तिची नवी प्रत पाच मिनिटांत देता येते.

आणखी एक: अकराच्या सुमाराला वेग मंदावतो त्याचं कारण पुष्कळदा हे असतं की फॉर्म दर वेळी टेबलांची फाइल नव्याने उघडतो आणि बंद करतो. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत एक लहानसा छुपा फॉर्म एखाद्या टेबलाला जोडून उघडा ठेवला, की हा दार उघडण्या-लावण्याचा वेळ वाचतो.

'इनकन्सिस्टंट स्टेट' हे एवढं सगळं करूनही येत असेल तर विंडोजकडे बघा. विंडोज १० ची १८०३ आवृत्ती २०१८ मध्ये आली. त्यानंतर शेअर केलेल्या फाइलच्या 'लीजिंग' नावाच्या सोयीमुळे अ‍ॅक्सेसच्या फाइली अशा बिघडू लागल्या, आणि शेअर करणाऱ्या कॉम्प्युटरवर ती सोय बंद करणं हा तेव्हाचा उपाय होता. हा बदल रजिस्ट्रीत होतो. रजिस्ट्री हा शब्द पहिल्यांदाच वाचत असाल तर इथे थांबा आणि माणूस बोलवा.

मग सर्व्हरवर कधी

वरचं सगळं झालं, आणि तरीही यातलं एखादं खरं असेल तेव्हा: कॉम्पॅक्ट केलेली फाइल दीड जीबीच्या वर आहे, दहापेक्षा जास्त माणसं एकाच वेळी लिहितात (कागदावर अ‍ॅक्सेस २५५ म्हणतं, तिकडे लक्ष देऊ नका), दुकान म्हापशाला आणि गोदाम कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, आणि दोन्हीकडून तीच फाइल हवी, किंवा एका दिवसाचं काम गेलं तर निभावणार नाही, जसं पतसंस्थेत.

मी लहान ठिकाणी मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस बसवतो, कारण अ‍ॅक्सेसचे जुने फॉर्म तसेच ठेवून फक्त टेबलं हलवता येतात. काउंटरवरच्या माणसाला पडदा तोच दिसतो, त्यामुळे निम्मी भांडणं टळतात. एक्स्प्रेस फुकट आहे. २०२२ च्या आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसला १० जीबी, मेमरी सुमारे १.४ जीबी, प्रोसेसरचे चार कोअर, अशी तिची मर्यादा. पोस्टग्रेस आणि मारियाडीबी या दुसऱ्या फुकटच्या डेटाबेसना असा आकाराचा अडसर नाही, आणि नवं सॉफ्टवेअरच लिहून घेणार असाल तर मी पोस्टग्रेस म्हणेन. टेबलं हलवायला मायक्रोसॉफ्टचं 'मायग्रेशन असिस्टंट' आहे, तेही फुकट. अ‍ॅक्सेसमधला जुना 'अपसायझिंग विझार्ड' शोधत बसू नका, तो २०१३ च्या आवृत्तीपासून काढून टाकलाय.

हलवण्याआधीची झाडलोट

हलवणं एका दुपारचं काम, झाडलोट आठवड्याची. टाळली तर नंतर प्रत्येक गोष्ट 'सर्व्हरचा दोष' म्हणून परत येते.

तारखा आधी. कोणीतरी २०१८ ऐवजी २१८ टाइप केलेलं असतं, आणि अ‍ॅक्सेस ते मुकाट्याने घेतं, कारण त्याच्या तारखा इसवी सन १०० पासून सुरू होतात. एसक्यूएल सर्व्हरचा जुना 'डेटटाइम' १७५३ च्या आधीचं काहीच मानत नाही. इंग्रजांनी १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं म्हणून हा आकडा. पोर्तुगालने ते १५८२ मध्येच बदललं होतं, पण आपल्याला कोण विचारतो! तर, तारखेच्या प्रत्येक रकान्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी तारीख काढून बघा. एका दुकानात एक पाइप इसवी सन २१८ मध्ये उधारीवर गेला होता.

प्रत्येक टेबलाला प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख सांगणारा रकाना, आहे का बघा. नसेल तर जोडलेलं टेबल सर्व्हरवर गेल्यावर नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही.

नावं. इंग्रजीत डिसोझा, डिकॉस्टा लिहिताना 'डी'नंतर अपॉस्ट्रॉफी येतो. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, अपॉस्ट्रॉफी म्हणजे मजकूर संपल्याची खूण. जुन्या कोडमध्ये नाव सरळ क्वेरीत, म्हणजे त्या प्रश्नात, चिकटवलेलं असेल तर नाईक, गावकर सगळे शोधता येतात आणि पहिल्या डिसोझाला एरर येतो. पुण्याच्या कोणी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हे मी कितीदा पाहिलंय. उपाय म्हणजे पॅरामीटर वापरणं, म्हणजे नाव क्वेरीत न चिकटवता वेगळं पाठवणं. नावातला अपॉस्ट्रॉफी पुसून टाकणं नव्हे; ग्राहकाचं नाव त्याचं आहे.

मराठी मजकूर. सर्व्हरवर त्यासाठी रकाना 'एनव्हारचार' प्रकारचा हवा. हलवणारं साधन तो बरोबर निवडतं. गडबड सहा महिन्यांनी होते, जेव्हा कोणीतरी हाताने नवा रकाना 'व्हारचार' म्हणून जोडतो आणि 'फोंडा'च्या जागी प्रश्नचिन्हांची माळ येते. ती प्रश्नचिन्हं परत मराठी होत नाहीत, मूळ मजकूर गेलेला असतो. देवस्थानांच्या महाजनांच्या याद्या तर कित्येकदा युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये असतात. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून, डोळ्यांनी तपासून मगच हलवा. आडनावातली एक वेलांटी चुकली तर कमिटीच्या बैठकीत काय होतं ते मी इथे लिहीत नाही.

हलवल्यावर: जोडलंच जात नाही

याच क्रमाने बघा. सर्व्हरचा कॉम्प्युटर चालू आहे का, आणि त्याच्यावर एसक्यूएलची सर्व्हिस चालू आहे का. मग 'कॉन्फिगरेशन मॅनेजर'मध्ये टीसीपी-आयपी, म्हणजे नेटवर्कवरून बोलायची सोय, सुरू आहे का. एक्स्प्रेसमध्ये ते बंद अवस्थेत येतं, आणि पहिल्या दिवशीची बहुतेक रडारड इथेच संपते. मग पोर्ट, म्हणजे सर्व्हर ज्या नंबरावर ऐकतो तो. एक्स्प्रेस दर वेळी वेगळा पोर्ट घेऊ शकतं, म्हणून १४३३ पक्का करा, सर्व्हिस परत सुरू करा आणि विंडोजच्या फायरवॉलमध्ये तेवढाच उघडा. मग डीएसएन, म्हणजे विंडोजमध्ये लिहून ठेवलेला सर्व्हरचा पत्ता: ऑफिस ३२ बिटचं असेल तर डीएसएनही ३२ बिटच्या खिडकीतून केलेला हवा. अ‍ॅक्सेसला सर्व्हरशी जोडणारा ओडीबीसी ड्रायव्हर १८ घातला आणि सर्टिफिकेटवर विश्वास नसल्याची तक्रार आली, तर घाबरू नका. ही आवृत्ती आपणहून कूटबद्ध जोडणी मागते. दुकानातल्या दुकानात सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायची खूण चालते.

तारखा मजकुरासारख्या दिसत असतील तर तुम्ही विंडोजसोबत आलेला जुना ड्रायव्हर वापरताय. नवा घाला आणि टेबलं परत जोडा.

अजूनही हळूच

हे ऐकून मालक खचतात. मामलेदार कचेरीसारखी खिडकी बांधली, पण फॉर्म अजून पूर्वीसारखाच उघडतो आणि खिडकीवर जाऊन आख्खं रजिस्टर मागतो. ग्राहकांचा फॉर्म उघडला की वीस हजार ग्राहक यायला नकोत. आधी नाव विचारा, मग तेवढेच आणा. क्वेरीच्या अटीत अ‍ॅक्सेसचं स्वतःचं फंक्शन असेल तर सर्व्हरला ते कळत नाही, मग अ‍ॅक्सेस सगळ्या ओळी इकडे ओढून इथे गाळतं. अशी क्वेरी सर्व्हरवर व्ह्यू, म्हणजे तिथेच साठवलेली क्वेरी, करून ठेवा.

'दुसऱ्याने बदल केलाय', आणि दुसरा कोणीच नाही

'राइट कॉन्फ्लिक्ट'ची ही पेटी हमखास येते. दोन कारणं. हो-नाहीचा रकाना सर्व्हरवर रिकामा राहिलाय: अ‍ॅक्सेसला तिथे हो किंवा नाही एवढंच समजतं, रिकामं समजत नाही. जुन्या रिकाम्या नोंदींत शून्य भरा, आपोआप शून्य यावं असं ठरवा, रिकामं ठेवायची मुभा काढा. दुसरं, दशांशाचे आकडे. सेव्ह करताना अ‍ॅक्सेस जुनी नोंद रकाना-रकाना ताडून बघतं, आणि शेवटच्या दशांशात फरक दिसला की संशय घेतं. टेबलात 'रोव्हर्जन'चा एक रकाना घाला, म्हणजे ते तेवढाच बघतं.

बिल नंबर हजाराने उडाला

हे प्रकरण आपल्याकडच्या विजेमुळे जास्तच दिसतं. काल शेवटचं बिल ४१२, रात्री लाइट गेली, यूपीएसही संपला, आज पहिलं बिल १४१२ च्या आसपास. मालकाला वाटतं हजार बिलं पुसली गेली. काही पुसलेलं नाही. एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून आपोआप वाढणारे नंबर आधीच हजाराच्या गठ्ठ्याने राखून ठेवतो. अचानक बंद पडला तर उरलेला गठ्ठा फुकट जातो.

पण जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा नंबर सलग हवा, आर्थिक वर्षात एकमेव आणि १६ अक्षरांच्या आत. २०१७ च्या आवृत्तीपासून हा गठ्ठा बंद करायची सेटिंग आहे, ती करा, पण तेवढ्यावर विसंबू नका. बिल अर्ध्यात रद्द झालं तरी नंबर जळतोच. बिल नंबरासाठी वेगळं लहान टेबल ठेवा. बिल पक्कं होतानाच, त्याच व्यवहारात, पुढचा नंबर त्यातून घ्या. आपोआप वाढणारा नंबर आतल्या ओळखीपुरता, तो ग्राहकाला दाखवायचा नाही. अकाउंटंटला आधी विचारा आणि उडालेल्या नंबरांची नोंद लिहून ठेवा. मधले नंबर हाताने भरायच्या फंदात पडू नका.

बॅकअपची जुनी सवय

रात्री फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करायची, ही सवय आता उपयोगाची नाही. चालू सर्व्हरची डेटाची फाइल (एमडीएफ) कॉपी होत नाही, आणि लोक "झालं नाही, उद्या बघू" म्हणतात. बॅकअपची आज्ञा सर्व्हरलाच द्यावी लागते. एक्स्प्रेसमध्ये वेळापत्रक चालवणारा 'एजंट' नाही, म्हणून विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून रोज रात्री ती चालवा आणि तयार झालेली फाइल दुसऱ्या जागी न्या. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून कालचं शेवटचं बिल सापडतं का बघा. म्हापशातल्या एका ठिकाणी आठ महिने दर रात्री बॅकअप होत होता, त्याच डिस्कवर. डिस्क गेली तेव्हा दोन्ही गेलं.

इथे थांबा, माणूस बोलवा

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा फाइल कॉपी करतानाच अडकत असेल, तर कॉम्प्युटर बंद करा. कॉम्पॅक्ट नको, चेकडिस्क नको, परत चालू करून बघणं नको. प्रत्येक प्रयत्नात वाचवण्यासारखं काहीतरी कमी होतं.

कॉम्पॅक्ट एकदा फसलं आणि जुना बॅकअप नाही, तर दुसऱ्यांदा करू नका. चिनी अक्षरं दिसणाऱ्या फाइलमधून चांगल्या नोंदी वेगळ्या काढता येतात, पण ते सवयीच्या हाताचं काम आहे.

बाहेरून वापरता यावं म्हणून राउटरमधून १४३३ पोर्ट इंटरनेटवर उघडा, असं कोणी सुचवलं तर त्याला चहा द्या आणि निरोप द्या. म्हापसा आणि कुंडई जोडायचं तर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा खासगी रस्ता, लागतो. तो स्वतः केला नसेल तर करणाऱ्याला बोलवा.

पतसंस्था, दवाखाना, देवस्थान, म्हणजे जिथे दुसऱ्यांचे पैसे किंवा दुसऱ्यांची माहिती आहे, तिथे हलवण्याचं काम पहिल्यांदा स्वतः करून बघू नका. जुनी फाइल महिनाभर फक्त वाचण्यापुरती ठेवा आणि दोन्हीकडच्या बेरजा रोज संध्याकाळी जुळवा.

फोन करण्याआधी एवढं हाताशी ठेवा: पडद्यावर आलेल्या निरोपाचा फोटो, पहिल्यांदा कधी आला ती वेळ, त्या वेळी लाइट गेली होती का, फाइलचा आकार किती, आणि बिघाडानंतर कोणी काय काय करून बघितलं. शेवटचं खरं सांगा. रागावणार नाही.